कप्तानीची फाइल: राइन ते दॅन्यूब

युरोपातल्या नद्यांवर मालवाहू जहाजाचा कप्तान व्हायचं तर परीक्षेपेक्षा जास्त घाम सर्व्हिस बुक, म्हणजे पाण्यावरच्या दिवसांची नोंदवही, काढतं. उमेदवार रडार, जहाजाची स्थिरता, इंजिन, वाहतुकीचे नियम सगळं पाठ करून येतो आणि अडतो तो दिवसांच्या हिशेबात. अशा फाइली लावून देणाऱ्यांना हे नवीन नाही. देशोदेशींचे परवाने एका मापात आणले म्हणजे नेमकं काय केलं, हे कायद्याच्या प्रस्तावनेपेक्षा त्या वहीच्या पानांवर जास्त स्पष्ट दिसतं.

आधी हे माप का लागलं ते थोडक्यात. राइन नदी १८६८ च्या मान्हाइम करारावर चालते. तिचा आयोग स्ट्रासबुर्गला, सदस्य जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड. दॅन्यूबसाठी १९४८ चा बेलग्रेडचा करार, आयोग बुडापेस्टला. दोन नद्या, दोन घराणी. २५ सप्टेंबर १९९२ ला १७१ किलोमीटरचा माइन-दॅन्यूब कालवा पूर्ण खुला झाला आणि रॉटरडॅमहून निघालेलं जहाज काळ्या समुद्रापर्यंत जाऊ लागलं. पाणी जोडलं गेलं, कागद मात्र तुटकच राहिले. १९९१ आणि १९९६ च्या युरोपीय निर्देशांनी (सदस्य देशांना बांधणाऱ्या कायद्यांनी) राष्ट्रीय परवाने एकमेकांकडे चालवून घेतले, पण राइन आणि तिच्या नेदरलँड्समधल्या लेक व वाल या शाखांवर राइनचा स्वतंत्र परवाना लागायचाच. शिवाय ते निर्देश फक्त कप्तानाबद्दल बोलत. खालचा खलाशी आणि सुकाणूवाला हिशेबातच नव्हते. १९९६ चं माप होतं साधारण २१ वर्षं वय आणि चार वर्षं अनुभव. आता ‘चार वर्षं’ म्हणजे काय? हिवाळ्यात गोठणाऱ्या कालव्यावरचं वर्ष आणि बारा महिने धावणाऱ्या राइनवरचं वर्ष सारखं कसं धरायचं? आमच्या मते जुनी व्यवस्था इथेच लंगडी होती.

राइन आयोगाने २०१५ मध्ये मानकं तयार करण्यासाठी सेस्नी ही समिती उभी केली. १२ डिसेंबर २०१७ चा निर्देश २०१७/२३९७ तिच्या मानकांवर टेकलेला आहे. सदस्य देशांना तो लागू करायला १७ जानेवारी २०२२ पर्यंत मुदत होती. राइनचे या मापाशी जुळलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू झाले. त्यातली मुख्य कल्पना अशी की तुमच्या देशात कोर्सचं नाव काय आहे याला महत्त्व नाही. माणसाला काय काय करता येतं त्याची एकच यादी, आणि पाण्यावर किती दिवस काढले त्याची एकच मोजणी.

पहिला प्रश्न, या निर्देशाखालचं प्रमाणपत्र लागतं कोणाला? २० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला लागतंच. पण २० मीटरच्या आत असलं की सुटलो, असं समजणारे बरेच भेटतात. लांबी, रुंदी आणि बुडीत खोली यांचा गुणाकार १०० घनमीटर झाला तरी ते लागू होतं. १८ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल बुडणारी बोट १०८ घनमीटर भरते, म्हणजे आत आलीच. ओढणारे टग आणि ढकलणारे पुशर, बारापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटी, धोकादायक मालाची परवानगी लागणारी जहाजं आणि तरंगती यंत्रसामग्रीही यात येतात. हौशी आणि खेळाच्या बोटी यातून बाहेर.

पायऱ्या तीन थरांत आहेत. सर्वांत खाली नवखा डेकहँड, वय किमान १६, किंवा करारावर शिकणारा उमेदवार, वय किमान १५. मधल्या थरात बोटमन, त्यावरचा अनुभवी बोटमन आणि मग सुकाणूवाला. वर कप्तान. कप्तानाचं किमान वय आता १८. २१ वरून खाली आणल्यावर जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, पण दिवस आणि कौशल्य दोन्ही सिद्ध करायचं असल्यावर वयाचा आकडा फारसा काही सांगत नाही.

कप्तानीकडे जाणाऱ्या वाटा चार. मान्यताप्राप्त शाळेचा किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यात किंवा त्यानंतर ३६० दिवस नौकानयन, ही पहिली. दुसरी सुकाणूवाल्याची: ते प्रमाणपत्र हातात असेल तर आणखी १८० दिवस आणि शासकीय परीक्षा. तिसरी वाट शाळेशिवायची, ५४० दिवस आणि परीक्षा. चौथी दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यांसाठी, म्हणजे आधी पाच वर्षं कुठेतरी नोकरी केलेल्यांसाठी किंवा ५०० दिवस समुद्रावर काढलेल्यांसाठी. तिला किमान दीड वर्षाचा अभ्यासक्रम, त्यात १८० दिवस आणि त्यानंतर आणखी १८० दिवस लागतात. चारही वाटांवर रेडिओचं प्रमाणपत्र सक्तीचं.

तिसऱ्या वाटेला एक पोटवाट आहे आणि मराठी वाचकांना तिचाच उपयोग जास्त. समुद्री जहाजावर डेकवर ५०० दिवस काम झालेलं असेल तर नदीवरचे ५४० ऐवजी १८० दिवस पुरतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातले कितीतरी खलाशी ५०० दिवस सहज भरतात. पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. काम डेकचं हवं. सीडीसीमध्ये (खलाशाच्या सेवेच्या नोंदपुस्तकात) इंजिन रूमची किंवा खानपान विभागाची नोंद असेल तर ते दिवस या कलमाखाली धरत नाहीत. दुसरं, दिवस म्हणजे चढल्या-उतरल्याच्या तारखांमधला काळ. मधली सुट्टी मोजून आकडा फुगवलेला तपासणीत पकडला जातो. तिसरं, उरलेले १८० दिवस नदीवर करायला कामाचा आणि राहण्याचा परवाना लागतो, आणि तो या निर्देशाचा विषयच नाही. गोव्यात मांडवी-झुआरीवर खनिजाच्या बार्ज चालवलेल्या माणसाची गत आणखी विचित्र. युरोपबाहेरची सर्व्हिस बुकं आणि प्रमाणपत्रं तेव्हाच चालतात जेव्हा त्या देशाचे नियम निर्देशासारखेच आहेत असं मान्य झालेलं असतं आणि तो देशही युरोपचे कागद मान्य करतो. त्यामुळे समुद्रावरच्या दिवसांना कलम आहे, आणि खऱ्याखुऱ्या नदीवरच्या दिवसांना सरळ दार नाही. आपल्याकडे १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आणि एका राज्याचं प्रमाणपत्र देशभर चालू लागलं. पण ते घरातलं एकीकरण, त्याने राइनवरचं दार उघडत नाही.

आता दिवसांकडे. नौकानयनाचा काळ दिवसांत मोजायचा आणि तो प्रवासात जहाजावर घालवलेला असायला हवा. माल चढवणं-उतरवणंही धरतात, पण त्यात प्रत्यक्ष जहाज हलवण्याचं काम असेल तरच. अर्जांतली सर्वांत जास्त कापाकापी इथे होते. क्रेनखाली दोन दिवस बांधून ठेवलेलं जहाज, डॉकमध्ये दुरुस्तीसाठी गेलेला आठवडा, पाणी उतरण्याची वाट बघत बंदरात काढलेले दिवस हे सगळं उमेदवार उत्साहाने लिहितो आणि तपासनीस लॉगबुकशी ताडून खोडतो. पगाराच्या पावत्या दाखवून उपयोग नाही. पगार बंदरातही मिळतो. ५४० लागत असतील तर हिशेब ५४० वर आणून थांबू नका. वीसेक दिवस कापले जातील असं धरून वर शिल्लक ठेवलेली बरी.

नोंदीची साखळी अशी. कप्तान प्रवास आधी जहाजाच्या लॉगबुकमध्ये लिहितो, मग प्रत्येक माणसाच्या सर्व्हिस बुकमध्ये. दोन्हींच्या तारखा जुळल्या पाहिजेत. मग सर्व्हिस बुक अधिकाऱ्यांकडे नेऊन शिक्का घ्यायचा, आणि इथे घड्याळ चालू असतं: अर्जाच्या आधीच्या १५ महिन्यांच्या आत पूर्ण झालेलेच प्रवास ते प्रमाणित करतात. वही दोन वर्षं खणात पडली तर त्यातले सुरुवातीचे दिवस हातचे गेले. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो जहाज बदलताना, शिक्का मारून घ्यावा. जहाज बदलल्यावर जुनं लॉगबुक गाठणं हा एक वेगळाच उद्योग होऊन बसतो, विशेषतः मालक बदलला असेल तर. एका माणसाकडे एकाच वेळी एकच चालू सर्व्हिस बुक आणि एका जहाजाकडे एकच चालू लॉगबुक, हाही नियम आहे. नेदरलँड्सची एक वही आणि रोमानियाची दुसरी अशी समांतर चालवणाऱ्यांना आता ती सोय राहिली नाही.

प्रवासाच्या रकान्यात ‘कुठून-कुठे’ लिहिताना एक साधी चूक वारंवार होते. राइनचे किलोमीटर कॉन्स्टान्झच्या पुलापासून खाली मोजतात, म्हणजे प्रवाहाबरोबर आकडा वाढतो. दॅन्यूबचे सुलिना इथून, म्हणजे मुखापासून वर मोजतात, तिथे प्रवाहाबरोबर आकडा घटतो. दोन्ही नद्यांवर काम करणारा माणूस सवयीने दिशा उलटी लिहितो, आणि लॉगबुकमध्ये प्रवाहाविरुद्ध जाणारं जहाज वहीत प्रवाहाबरोबर निघालेलं दिसतं. जोखमीच्या टप्प्यासाठी (त्याबद्दल पुढे) फेऱ्या मोजताना हा गोंधळ महागात पडतो. डावा-उजवा काठ मात्र दोन्हीकडे प्रवाहाच्या दिशेने तोंड करूनच ठरतो.

वैद्यकीय तपासणी सगळीकडे एकाच मानकाची आहे. दृष्टी, चष्म्यासह किंवा त्याशिवाय, ०.८, कान, रंग ओळखणं. रंगांधळेपणा लपत नाही आणि लपवूही नये. लाल-हिरव्या दिव्यांवर वाहतूक चालते. साठी गाठली की पुन्हा तपासणी, मग दर पाच वर्षांनी, आणि सत्तरीनंतर दर दोन वर्षांनी.

रेडिओच्या बाबतीत समुद्रावरून येणारे हमखास गाफील असतात. नदीवर जहाज-ते-जहाज बोलणं चॅनल १० वर चालतं आणि संचातून प्रत्येक बोलण्याच्या शेवटी एटिस ही जहाजाची ओळख आपोआप जाते. हे सगळं रेनवॉट या प्रादेशिक करारातलं आहे. जीएमडीएसएस या समुद्री आपत्कालीन रेडिओ यंत्रणेचं प्रमाणपत्र तिथे पुरेल का, हे त्या त्या देशाच्या रेडिओ खात्याकडून आधी लेखी विचारून घ्यावं. परीक्षेची तारीख मिळाल्यावर हा कागद कमी पडला तर तारीख जाते.

परीक्षेचा प्रात्यक्षिक भाग दोन अंगांचा: प्रवासाची तयारी आणि प्रत्यक्ष प्रवास. तो खऱ्या जहाजावर घेता येतो किंवा मान्य केलेल्या सिम्युलेटरवर. मूलभूत घटकांत प्रत्येकी दहापैकी किमान सात गुण लागतात, म्हणजे दुसरीकडे चमकून एका ठिकाणचा खड्डा भरून काढता येत नाही. तयारीच्या भागात माणसं पडतात ती पाण्याच्या पातळीवर. राइनवरच्या काउब इथल्या मोजपट्टीची पातळी म्हणजे नदीची खोली, असं धरून बुडीत खोली काढणारे उमेदवार दरवर्षी दिसतात. पातळी हा फक्त मोजपट्टीवरचा आकडा आहे. काउबला संदर्भ-पातळी सुमारे ७८ सेंटिमीटर, आणि त्या पातळीला जलमार्गाची हमी-खोली १.९० मीटर. पट्टी १.२० मीटर दाखवत असेल तर संदर्भापेक्षा ४२ सेंटिमीटर जास्त, म्हणून खोली सुमारे २.३२ मीटर. तळाखाली ३० सेंटिमीटर मोकळे ठेवले तर जहाज साधारण २ मीटरपर्यंत बुडवता येतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हीच पट्टी २५ सेंटिमीटरवर उतरली होती. तेव्हाही नदीत पाणी होतं आणि हलकी केलेली जहाजं चालत होती, पण पट्टीलाच खोली समजणाऱ्याचा हिशेब तिथे शून्याखाली जातो.

दुसरा अवघड विषय स्थिरतेचा. १३ जानेवारी २०११ ला लोरलाइजवळ ‘वाल्डहोफ’ हा टँकर सुमारे २,४०० टन गंधकाम्लासह उलटला. दोघांचा जीव गेला आणि राइन अनेक दिवस अडली. टाक्या अर्धवट भरलेल्या, द्रव आत हिंदकळणारा, आणि त्या भरणीला लागणारी स्थिरता जहाजात नव्हती. टाकी अर्धी भरली म्हणजे जहाज हलकं आणि म्हणून सुरक्षित, हा समज किनाऱ्यावरही आहे. नव्या यादीत माल भरण्याचा आराखडा आणि स्थिरतेचा हिशेब कप्तानाच्या कौशल्यांत स्पष्ट घातलेला आहे, आणि तो तिथे असायलाच हवा होता.

एवढं सगळं पार पडलं की कार्डाच्या आकाराचं प्रमाणपत्र मिळतं. ते जास्तीत जास्त १३ वर्षं चालतं आणि युरोपीय संघाच्या सगळ्या जलमार्गांवर मान्य असतं. मात्र काही पाण्यांना आणि कामांना वरून वेगळी परवानगी लागते, आणि खरी घासाघीस इथे चालते.

जोखमीचे टप्पे हा त्यातला सर्वांत वादाचा भाग. जुन्या राइन नियमात इफेट्सहाइमची लॉकं ते स्पायकची फेरी अशा पाचशेहून जास्त किलोमीटरांची माहिती सिद्ध करावी लागे. स्थानिक लोकांना ते रास्त वाटे, बाहेरच्यांना दार बंद करण्याची युक्ती वाटे. दोघांचंही थोडं खरं होतं. निर्देशाने टप्पा जाहीर करायला कारणं बांधून दिली: सतत बदलणारा प्रवाह, पात्राची अशी ठेवण की तिच्यासाठी पुरेसे नकाशे किंवा जलमार्गाची माहिती-सेवा नाही, तिथल्या पात्रामुळे आलेले खास वाहतूक नियम, किंवा मानकात न बसणाऱ्या कौशल्याअभावी वारंवार होणारे अपघात. ‘आमची नदी अवघड आहे’ एवढं म्हणून भागत नाही. बिंगन ते सांक्ट गोआर हा डोंगरांतला अरुंद, वळणावळणाचा भाग अशा कसोटीला सहज उतरतो. ओबरवेझल ते सांक्ट गोआर मध्ये तर पुढून कोण येतंय हे दिव्यांच्या खुणांनी कळवावं लागतं. ज्ञान सिद्ध करायचे मार्गही दिले आहेत: ठरावीक फेऱ्या, सिम्युलेटर, बहुपर्यायी प्रश्न, तोंडी परीक्षा, किंवा यांचं मिश्रण. फेऱ्यांचा मार्ग निवडलात तर त्या आधी सांगितलेल्या वहीत नीट, योग्य दिशेने, शिक्क्यासह असल्या पाहिजेत.

मोठ्या ताफ्यांची, म्हणजे एकत्र बांधून ढकलल्या जाणाऱ्या बार्जांची, अट वाचताना आकडा लक्षात घ्यावा. लांबी गुणिले रुंदी ७,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तरच तो ‘मोठा ताफा’. राइनवरचा सहा बार्जांचा ताफा लांबट मांडणीत २६९.५ मीटर आणि २२.९ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ६,१७२ चौरस मीटर. आखूड-रुंद मांडणीत १९३ गुणिले ३४.३५, म्हणजे ६,६३० च्या आसपास. दोन्ही मर्यादेखालीच. ही परवानगी व्यवहारात खालच्या दॅन्यूबवरच्या बार्जांच्या झुंडी ढकलणाऱ्यांसाठी आहे. तिला ७२० दिवस लागतात. त्यातले किमान ५४० कप्तान म्हणून आणि किमान १८० मोठा ताफा हाताळताना. रडारवर चालवायला वेगळी परवानगी, समुद्री स्वभावाच्या पाण्यांना वेगळी. एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणारी जहाजं आणि प्रवासी जहाजं यांवरच्या तज्ज्ञांची प्रमाणपत्रं दर पाच वर्षांनी नवी करावी लागतात.

काय एक झालं नाही तेही माहीत असलेलं बरं. जहाजावर किमान किती माणसं हवीत हे संघभर एक झालेलं नाही. राइनचं कोष्टक राइनचं. त्यामुळे एका देशात पुरेशी असलेली तुकडी सीमा ओलांडल्यावर अपुरी ठरते, प्रमाणपत्रं सगळ्यांची एकसारखी असूनही. कंपन्या हे विसरतात आणि दंड कप्तानाच्या नावावर येतो. भाषेचंही तसंच. ठरावीक रेडिओ-वाक्यं मानकात घातली आहेत, पण राइनवर समजण्यात अडचण आली की जर्मन वापरायची, हा पोलीस-नियम जागेवर आहे. निळी पाटी दाखवून उजव्या बाजूने जाऊ देणारं, प्रवाहाविरुद्ध चढणारं जहाज बाजू ठरवतं. त्याचं बोलणं कळलं नाही तर कार्ड कुठल्या देशाचं आहे याने फरक पडत नाही. कामाच्या तासांना मात्र वेगळ्या निर्देशाने चौकट घातली आहे: २४ तासांत १४ पेक्षा जास्त काम नाही आणि सात दिवसांत ८४ पेक्षा जास्त नाही.

जुने कागद असलेल्यांसाठी मुदत ठरलेली आहे. १८ जानेवारी २०२२ आधी मिळालेले राइनचे परवाने आणि १९९६ च्या निर्देशाखालची प्रमाणपत्रं ज्या पाण्यांवर चालत होती त्या पाण्यांवर जास्तीत जास्त दहा वर्षं चालतात. त्याआधी, ज्या देशाने मूळ कागद दिला त्याच देशाकडे बदलून मागायचा; सध्या राहता त्या देशाकडे नाही. नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या आणि मूळ परवाना रोमानियाचा असलेल्या कप्तानाला अर्ज रोमानियातच करावा लागतो. जुनी सर्व्हिस बुकंही दहा वर्षंच. बदलून घेताना सोबत पुरावे लागतात, आणि ज्यांची लॉगबुकं मालकाबरोबर गेली त्यांनी ती आत्ताच शोधायला घ्यावीत. २०३१ च्या शेवटी सगळ्यांची एकच रांग असेल.